शब्दचर्चा : ‘रिअल-टाइम’ म्हणजे ‘वास्तविक वेळ’? मग घड्याळ कुठाय?

डावा पान्हा
एका मुक्तस्त्रोत नियंत्रक-कार्डाची मार्गदर्शिका मराठीत करतो आहे. कार्डावर लिनक्स चालतं, ते चार मोटरी फिरवतं, आणि सगळा कोड उघडा आहे. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा आणि स्वतः बिल्ड करावा. पहिल्याच पानावर ‘रिअल-टाइम’ आला. शब्दकोशाला स्मरून लिहिलं, ‘हा नियंत्रक वास्तविक वेळेत काम करतो.’ मसुदा मशीन चालवणाऱ्या दोघांना वाचायला दिला. एकाने विचारलं, ‘म्हणजे याच्यातलं घड्याळ बरोबर असतं, असंच ना? आमच्या जुन्या कार्डाचं मागं पडायचं.’ दुसरा म्हणाला, ‘मग बाकीची कार्डं काय खोट्या वेळेत चालतात?’

मी गप्प. घड्याळाचा इथे काडीचा संबंध नाही. मुद्दा एवढाच की दर मिलिसेकंदाला मोटरीला हुकूम जायला हवा म्हणजे हवाच. त्यातून आणखी पंचाईत अशी की त्याच कार्डावर ‘रिअल-टाइम क्लॉक’ नावाची एक चिपही आहे. ती छोट्या बॅटरीवर खरोखरच तारीख-वेळ सांभाळते. म्हणजे एकाच पानावर एक शब्द दोन अर्थांनी!

‘प्रीएम्प्ट’, ‘लेटन्सी’, ‘रेसिपी’ हेही अडलेत. पण आधी हा सोडवा.

रिकामा रकाना
दुसऱ्या माणसाला माझा नमस्कार सांगा. अनुवादाचं इतकं नेमकं परीक्षण मी छापील पाहिलेलं नाही.

सहजच
‘तात्काळ नियंत्रक’ चालेल का? बातम्यांत ‘रिअल-टाइम माहिती’ला असंच काहीतरी म्हणतात.

शुद्धमती
आधी शीर्षस्थानी. ‘मुक्तस्त्रोत’ नव्हे, ‘मुक्तस्रोत’. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. त्यात ‘त’ कुठून आला? ‘स्त्री’च्या वळणाने लोक लिहितात आणि मग तेच डोळ्यांत बसतं.

दुसरं, ‘तात्काळ’ असा शब्द नाही. तत् अधिक काल, तत्काळ. ‘तात्कालिक’मध्ये जो ‘ता’ आहे तो ‘इक’ प्रत्ययामुळे आदिवृद्धी होऊन आलेला. आणि तात्कालिकचा मराठीत अर्थ ‘तेवढ्यापुरता’. ‘तात्कालिक नियंत्रक’ लिहिलंत तर लोक समजतील उद्या काढून टाकायचा आहे.

सहजच
ताई, सगळा महाराष्ट्र ‘तात्काळ’ म्हणतो. मग तो शब्द नाही कसा?

शुद्धमती
सगळे चुकतात म्हणून चूक रूढ होते, हे मान्य. बरोबर होते, हे अमान्य.

उलटी पाटी
व्याकरण राहू द्या, अर्थानेच ‘तत्काळ’ चुकीचा आहे. मी याच क्षेत्रात काम करतो. रिअल-टाइम म्हणजे जलद, हा समज सगळ्यात चिवट आहे. एखादं काम सरासरी पाच मायक्रोसेकंदांत होत असेल आणि दिवसातून एकदा वीस मिलिसेकंद घेत असेल, तर ते जलद आहे पण रिअल-टाइम नाही. उलट एखादं काम दर वेळी नव्वद मायक्रोसेकंद घेत असेल, शंभरच्या पुढे कधीच जात नसेल, तर ते हळू असूनही रिअल-टाइम आहे. सरासरीला इथे कोणी विचारत नाही. सगळ्यात वाईट वेळी किती लागतात ते बोला. ‘सायक्लिकटेस्ट’ (उशीर मोजणारी चाचणी) लावली की आम्ही शेवटचा, कमालचा रकाना आधी बघतो.

आणि त्या घड्याळावाल्या भाऊंना एक गंमत सांगा. लिनक्समध्ये ‘क्लॉक-रिअलटाइम’ नावाचं एक घड्याळ आहे, आणि रिअल-टाइम प्रोग्रामने नेमकं तेच वापरायचं नसतं. ते भिंतीवरच्या घड्याळासारखं. कोणी वेळ जुळवली की उडी मारतं, प्रसंगी मागेही जातं. मोटरीच्या ठोक्यांसाठी ‘क्लॉक-मोनोटॉनिक’ घ्यायचं, जे मागे फिरत नाही. तेव्हा गोंधळ तुमच्या अनुवादात नाही, मुळातच आहे.

डावा पान्हा
(‘स्रोत’ दुरुस्त केला. शीर्षकात नव्हता हो ताई, पहिल्या ओळीत होता.) पाटीराव, हे घड्याळाचं मी तळटीप म्हणून घालतो. पण शब्द?

जुनं कार्ड
मी लिनक्ससीएनसीवर (लिनक्सवरून मशीन चालवणारा मुक्त प्रोग्राम) पहिलं मशीन उभं केलं तेव्हा पॅरलल पोर्टातून स्टेप, म्हणजे मोटरीला एकेक पाऊल टाकायला लावणारे ठोके, काढायचो. जुना पीसी, त्याला खास कर्नेल (लिनक्सचा सगळ्यात आतला भाग, कोणत्या कामाला प्रोसेसर द्यायचा ते ठरवणारा). आधी लेटन्सी टेस्ट लावायची आणि मग पीसीला छळायचं. खिडक्या ओढ, फायली कॉपी कर, चित्र फिरव. आकडा वीस मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर पीसी कामाचा. आमचा एक पीसी दोन तास सुरेख चालायचा आणि मग एकदम मोठा आकडा. टूल कामात असताना हे झालं तर मोटर स्टेप खाते, आणि तिथून पुढचा सगळा जॉब सरकलेला. आठवडा गेला शोधण्यात. निघालं काय, तर मदरबोर्डाचं बायोस मध्येच प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेत होतं. कर्नेलला त्याचा पत्ताही नाही.

आम्ही त्याला ‘पीसी उचकी देतो’ म्हणायचो. तुमच्या लेटन्सीला शब्द हवा असेल तर घ्या.

उलटी पाटी
काका, उचकी अप्रतिम आहे, पण ती लेटन्सी नव्हे. मधूनच येणारा तो उंच सुळका म्हणजे उचकी. लेटन्सी म्हणजे विलंब. विलंबातला चढउतार म्हणजे जिटर. रोज बरोब्बर दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याभोवती वेळापत्रक आखता येतं. कधी दोन, कधी चाळीस मिनिटं उशिरा येणाऱ्याचं काय करायचं?

शुद्धमती
जिटरला ‘कंप’, ‘थरथर’ आहेतच. लेटन्सीसाठी काही जण ‘सुप्तकाल’ लिहितात. लॅटिन धातू ‘लपून असणे’ असा आहे, त्या दृष्टीने मुळाला धरून आहे.

रिकामा रकाना
मुळाला धरून आहे आणि वाचणाऱ्याला सोडून आहे. ‘सुप्तकाल’ वाचून मला वाटेल मशीनला ताप यायचाय.

तिहाई
मी यातली नाही, पण उलटी पाटी यांचं वाचून राहवेना. जलद आणि वेळेवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या पोरालाही कळतं. लय वेगळी, ताल वेगळा. विलंबित एकतालात एक आवर्तन मिनिटभर चालतं, पण सम म्हणजे सम. तिथे केसभर पुढे-मागे झालात तर समोरचा मान हलवायचा थांबतो. आणि द्रुत गाणारा समेला चुकला तर तो जलद चुकला, इतकंच! तुमचं कार्ड दर मिलिसेकंदाला समेवर येतं, असं का नाही म्हणत? ‘तालबद्ध’ तयार शब्द आहे. शिवाय बघा, तुम्ही ज्याला विलंब म्हणून दोष देताय, त्याच शब्दावरून आमचं ‘विलंबित’. विलंबित म्हणजे उशीर नव्हे.

जुनं कार्ड
वा. हे पटलं. मशीन समेला चुकलं. उद्यापासून असंच म्हणणार.

उलटी पाटी
मलाही आवडलं, पण अर्धंच लागू पडतं. मोटरीचे ठोके ठरावीक अंतराने असतात, त्यांना ताल म्हणता येईल. पण आणीबाणीचं लाल बटण कोणत्या मात्रेवर दाबलं जाणार हे कोणाला ठाऊक? तिथे आवर्तन नाही. घटना घडल्यापासून इतक्या मायक्रोसेकंदांत उत्तर आलंच पाहिजे, असा करार आहे. रिअल-टाइममध्ये दोन्ही बसतात.

तिहाई
मग ती तिहाई समजा. कुठूनही उचलली तरी समेवर पडायची.

उलटी पाटी
तिहाई उचलणारा आधी हिशोब करून उचलतो ना. बटण दाबणारा हिशोब करत नाही, तो ओरडत असतो.

कोरा कागद
वेळेचाच विषय आहे तर आपली जुनी मापं का विसरता? घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं, विपळ म्हणजे पळाचा साठावा भाग. ‘क्षणोक्षणी’, ‘पळापळाला’ असे शब्द सुटत चाललेत. ‘विपळ-नियंत्रक’ म्हणा! पळणे क्रियापदाचा ‘पळ’शी संबंध असावा असं मला नेहमी वाटतं. वेळ पळतो म्हणून पळ.

शुद्धमती
संबंध नाही. काळाचं माप ते संस्कृत ‘पल’, आणि पळणे हे ‘पलायन’च्या घरचं. आवाज जुळला म्हणजे नातं जुळत नाही.

उलटी पाटी
विपळ म्हणजे शून्य पूर्णांक चार सेकंद, अर्थात चार लाख मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात मोटर जॉब फोडून पलीकडे निघून जाईल. विपळाचाही साठावा भाग प्रतिविपळ, तरी त्यात आमची सहा आवर्तनं होऊन वर उरतं.

रिकामा रकाना
म्हणजे पूर्वजांना मोटर माहीत नव्हती, हे सिद्ध झालं. कोणीतरी तसा दावा करण्याच्या आत झालं हे बरं.

सहजच
‘डेडलाइन’ला आपल्याकडे ‘मुदत’ आहे. ‘मुदतबद्ध’?

रिकामा रकाना
व्याज किती मिळतं?

डावा पान्हा
मंडळी, मला वाक्य पूर्ण करायचंय. दरम्यान ‘प्रीएम्प्ट’ही बघा. ‘प्रीएम्प्ट-आरटी’बद्दल, म्हणजे लिनक्सला रिअल-टाइम करणाऱ्या बदलांबद्दल, दीड पान आहे. प्रीएम्प्ट म्हणजे, एक काम चालू असताना जास्त महत्त्वाचं काम आलं की पहिल्याला मध्येच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर देणं. मी ‘पूर्वग्रहण’ लिहिलं होतं. घरच्यांनी विचारलं, ग्रहण कधी लागणार.

जुनं कार्ड
खो देणे. सरळ आहे. बसलेल्याला खो दिला, तो उठला, धावणारा बसला.

उलटी पाटी
काका, इथे मी अडून बसणार. खो-खोत धावणारा स्वतःहून खो देतो, स्वतःला वाटेल तेव्हा. ते सहकारी वाटप झालं, ज्यात चालू काम आपण होऊन बाजूला होतं. प्रीएम्प्शनमध्ये धावणाऱ्याला विचारतच नाहीत. कॉलर धरून बसवतात. साध्या कर्नेलात काही जागा अशा असतात की तिथे असलेल्याला उठवता येत नाही, कुलूप (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारी सोय) हातात असेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. प्रीएम्प्ट-आरटीचं वीस वर्षांचं काम म्हणजे त्या जागा शोधून कमी करत नेणं. कुलपं झोपू शकतील अशी केली, इंटरप्टची (यंत्रभागांकडून मध्येच येणाऱ्या हाकांची) कामं वेगळ्या धाग्यांत, म्हणजे थांबवता येतील अशा स्वतंत्र कामांत, टाकली. सगळ्यात शेवटी अडलं कुठे, तर कन्सोलवर संदेश छापणाऱ्या ‘प्रिंटके’मध्ये. २०२४च्या सप्टेंबरात या कामाचे प्रमुख थॉमस ग्लाइक्सनर यांनी बदल सामावून घेण्याची शेवटची विनंती छापून, सोनेरी कागदात गुंडाळून लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातात दिली, आणि ६.१२ या आवृत्तीपासून ते मूळ कर्नेलातच आलं. तोवर आम्ही दर आवृत्तीला ठिगळ (पॅच) लावत बसायचो. किती रविवार गेले त्यात, विचारू नका.

कोरा कागद
मग ‘खो घालणे’ म्हणा ना! खो देणे आपखुशीचं, खो घालणे दुसऱ्याच्या कामात. ‘माझ्या बेतात खो घातला’ म्हणतोच की आपण. जास्त अग्रक्रमाचं काम कमी अग्रक्रमाच्या कामात खो घालतं.

उलटी पाटी
...हे बसलं. एका प्रत्ययाचा नाही, एका क्रियापदाचा फरक, आणि दोन्ही पद्धती वेगळ्या झाल्या.

शुद्धमती
खो घालण्यात बेत मोडण्याची छटा आहे. थांबवलेलं काम नंतर जिथल्या तिथून पुढे चालू होतं ना? मग ते मोडलं कुठे? मूळ शब्दात तर खरेदी आहे, इतरांआधी विकत घेण्याचा हक्क. कायद्यात आपण ‘अग्रक्रयाधिकार’ म्हणतो. त्या वळणावर ‘अग्रहरण’ करता येईल.

रिकामा रकाना
सीताहरण, वस्त्रहरण, अग्रहरण. प्रोसेसरसाठी इतकं महाभारत नको.

शुद्धमती
सीताहरण रामायणातलं.

रिकामा रकाना
खो घातलात.

डावा पान्हा
त्याच प्रकरणात ‘प्रायॉरिटी इनहेरिटन्स’ आहे. ‘अग्रक्रम-वारसा’ लिहिलंय. बरोबर?

उलटी पाटी
संकल्पना अशी. खालच्या दर्जाच्या कामाने कुलूप घेतलंय, वरच्या दर्जाचं काम त्यासाठी थांबलंय, आणि मधल्या दर्जाची कामं येऊन खालच्याला ढकलत राहतात. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सगळ्यात जास्त रखडतो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरवर हेच झालं. हवामानाची नोंद घेणारं किरकोळ काम कुलूप धरून बसलं, महत्त्वाचं काम खोळंबलं, आणि यान पुन्हा पुन्हा स्वतःला रिसेट करत राहिलं. तिथे लिनक्स नव्हतं, व्हीएक्सवर्क्स ही दुसरी कार्यप्रणाली होती, पण रोग तोच. पृथ्वीवरून प्रोग्राममधली एक खूण बदलली आणि सुटलं. उपाय हा की कुलूप हातात असेपर्यंत त्या किरकोळ कामाला वरच्याचा अग्रक्रम द्यायचा.

तिहाई
मग ‘वारसा’ कसा? कोणी गेलेलं नाही. आणि परत करायचाय ना तो?

उलटी पाटी
कुलूप सोडलं की परत.

तिहाई
मग उसना म्हणा. उसना अग्रक्रम. आपल्याकडे शब्द हातात असतो आणि आपण शब्दकोश उघडतो.

डावा पान्हा
‘उसना अग्रक्रम’ घेतला. आजचं पहिलं पक्कं काम.

शुद्धमती
इंग्रजीतल्या जाणकारालाही मूळ संज्ञा ओळखता आली पाहिजे. उद्या हा वाचक मूळ कागदपत्रांकडे गेला की ‘उसना’चा धागा त्याला सापडणार नाही. वारसा ठेवला तर सापडेल. पारिभाषिक शब्द सुंदर असून भागत नाही.

जुनं कार्ड
मूळ कागदपत्रांकडे जाणारा मराठी मार्गदर्शिका कशाला वाचेल? आमची पोरं मशीनसमोर उभी राहून वाचणार. एका हातात पाना, एका हातात फोन.

सहजच
एक सुचलंय, हसू नका. आपण ‘वेळ पाळणे’ म्हणतो. शब्द पाळणे, पथ्य पाळणे, तसं वेळ पाळणे. यात जलद हा भाव अजिबात नाही, दिलेली वेळ राखली एवढाच आहे. तर रिअल-टाइम लिनक्स म्हणजे ‘वेळपाळू लिनक्स’. ‘वेळकाढू’ आहे, ‘वेळखाऊ’ आहे, मग ‘वेळपाळू’ने काय घोडं मारलंय?

उलटी पाटी
हसत नाहीये. गंभीरपणे विचार करतोय. मुदत, करार, घटना, आवर्तन, सगळं ‘वेळ पाळणे’त येतं. आणि विरुद्धार्थी शब्द आयता तयार आहे.

शुद्धमती
रचना सदोष नाही, ‘पोटभरू’प्रमाणेच आहे. परंतु या घडणीचे बहुतेक शब्द निंदाव्यंजक आहेत. वेळकाढू, वेळखाऊ, पोटभरू. कोणी कोणाची स्तुती करताना ‘ऊ’ लावत नाही.

सहजच
टिकाऊ?

शुद्धमती
एक.

कोरा कागद
‘कष्टाळू’, ‘मायाळू’.

शुद्धमती
तो ‘आळू’ प्रत्यय, वेगळा. पाळूमधला ‘आळ’ पाळण्यातला आहे. कृपया मिसळू नका.

रिकामा रकाना
‘कडक’ आणि ‘सैल’ रिअल-टाइम असे दोन प्रकार असतात म्हणे. मग ‘कडक वेळपाळू’ आणि ‘बऱ्यापैकी वेळपाळू’? दुसरा प्रकार मला माझाच वाटतो.

उलटी पाटी
दोन्ही असतात. कडकमध्ये मुदत चुकली म्हणजे बिघाड, सैलमध्ये चुकली तर गुणवत्ता घसरते, जसं आवाज तुटक येणं. ‘काटेकोर’ चांगला शब्द आहे इथे. आणि लिनक्सचं खरं सांगायचं तर त्यात एक सुरक्षेची दोरी बांधलेली असते. इतर कामं ताटकळत असली तर रिअल-टाइम कामांना मुळात दर सेकंदातले साडेनऊशे मिलिसेकंदच मिळतात, उरलेले पन्नास इतरांसाठी राखून. नाहीतर एखादं बिघडलेलं काम सगळं यंत्र गिळून बसेल आणि तुम्हाला ते बंदही करता येणार नाही.

डावा पान्हा
आता बांधणीच्या (बिल्डच्या) प्रकरणाकडे. ‘योक्टो’ या कार्डासाठी लिनक्स बांधणाऱ्या साधनात प्रत्येक पॅकेजला ‘रेसिपी’ असते, त्यातला ‘बिटबेक’ हा प्रोग्राम ती वाचून कोड आणतो, उघडतो, ठिगळं लावतो, कंपाइल करतो. मी ‘पाककृती’ लिहिलं. ‘बिल्डरूट’ हे तसंच दुसरं साधन वापरणारे मित्र म्हणतात, आमच्याकडे मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) असते, आम्हाला या भानगडीत ओढू नका.

तिहाई
‘कृती’ पुरे. ‘साहित्य’ आणि ‘कृती’ अशीच विभागणी आपण वाचत आलोय. कोड हे साहित्य, रेसिपी ही कृती.

रिकामा रकाना
‘या नियंत्रकाचं साहित्य मुक्त आहे’ असं छापा. चार कवी हमखास विकत घेतील.

जुनं कार्ड
आमच्यात एवढंच विचारतात, ‘बिल्ड झाला का?’

सहजच
झाली का.

जुनं कार्ड
तो बिल्ड.

सहजच
ती बिल्ड. बिल्ड तुटली, बिल्ड अडकली, रात्रभर बिल्ड चालू होती. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

कोरा कागद
‘बांधणी’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती’. मनातल्या मनात आपण अनुवाद करतो.

उलटी पाटी
मग ‘कोड’ला ‘तो’ का? आणि कोडं तर नपुंसकलिंगी. माझ्याकडे एकाच खोलीत तिन्ही चालतात. रात्री तीनला तुटली की ‘ती’, सकाळी झाला की ‘तो’.

शुद्धमती
हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचून पाहावं असं सुचवते.

उलटी पाटी
वाचलं. माफी. मागे घेतो.

सहजच
‘ती’च आहे पण.

(यानंतर या विषयावर ‘तो’ की ‘ती’ असे सतरा प्रतिसाद आले. एकात ‘बिल्ड’ला ‘ते’ म्हणणारा प्रांतही निघाला. मूळ प्रश्नाकडे कोणी फिरकलं नाही. – डावा पान्हा)

डावा पान्हा
मसुदा पुढे गेला. पहिल्या पानावर ‘ठरलेली वेळ पाळणारा नियंत्रक’ असं लिहून टाकलं. तीन शब्द झाले, पण घड्याळाचा प्रश्न परत कोणी विचारला नाही. ‘वेळपाळू’ एका चौकटीत घातलाय, पोरं उचलतात का बघू. मात्र नवीच आफत. मी सगळीकडे ‘कर्नेल’ लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्यांनी ती चूक समजून सगळीकडे ‘कर्नल’ केलंय. आता तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी ‘कर्नेल पॅनिक’ (लिनक्स पुरतं कोलमडणं) ऐवजी ‘कर्नल पॅनिक’ असं उपशीर्षक आहे आणि खाली लिहिलंय की अशा वेळी वीज बंद करून पुन्हा चालू करावी.

जुनं कार्ड
लष्कराला कळवा.

शुद्धमती
म्हणून सांगत होते, ‘गाभा’ लिहावं. मूळ शब्दही धान्याच्या दाण्यावरूनच आहे, आतला गर. ‘गाभा’ लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती.

रिकामा रकाना
आणि कर्नेल पॅनिकला काय लिहायचं? गाभा गर्भगळित?

शुद्धमती
‘गर्भ’वरूनच ‘गाभा’. त्यामुळे... हे मात्र बरोबर आहे.